पेंटरकाकांची गोळी

पेंटरकाकांचं ब्लडप्रेशर सापडलं ते एका पाटीपायी. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर नव्या डॉक्टरीणबाईंनी दवाखाना थाटला आणि त्यांच्या नावाची पाटी काकांनी रंगवली. पाटी ठोकून काका स्टुलावरून उतरले आणि भिंतीला हात टेकून दोन मिनिटं उभेच राहिले. डॉक्टरीणबाईंचं लक्ष गेलं. त्यांनी काकांना आत बसवलं, चहा सांगितला आणि चहा येईपर्यंत सहज म्हणून दंडाला पट्टा गुंडाळला. वरचा आकडा एकशे नव्वद, खालचा एकशे दहा.

"तुमचं यंत्र बिघडलंय," काका म्हणाले.

बाईंनी कपाटातून दुसरं यंत्र काढलं. त्यावर एकशे अठ्ठ्याऐंशी.

"दोन्ही एकाच दुकानातून घेतलीत ना? तरीच."

मला हे कळलं कारण माझं औषधांचं दुकान दवाखान्याच्या शेजारीच आहे आणि काकांचा आवाज भिंतींना जुमानत नाही. त्या दोघांचं भांडण मी गोळ्यांच्या पाकिटांवर तारखा लिहिता लिहिता पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. शेवटी तीन दिवस रोज येऊन पट्टा बांधून घ्यायचा आणि मग बोलायचं, असं ठरलं. तिन्ही दिवस आकडे तसेच आले. काकांनी हात टेकले आणि चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले.

आता काका कोण, ते सांगते. माझ्या दुकानापासून चौथं दार त्यांचं. अरुंद, लांबट खोली, एकच मोठी खिडकी, भिंतीला पत्र्याचे मग आणि त्यांत जाडीप्रमाणे लावलेले ब्रश. वय एकसष्ट. अंगानं काटकुळे, चष्मा दोरीनं गळ्यात, बोटांच्या पेरांत कायम कुठला तरी रंग. लोखंडी पाट्या, लाकडी पाट्या, गाड्यांचे नंबर हे सगळं ते करायचे, पण ते पोटासाठी. जीव होता तो काचेवरच्या सोन्यात. कचेऱ्यांच्या, पेढ्यांच्या काचेच्या दारांवर जी चकचकीत सोनेरी अक्षरं असतात ना, ती. हे काम येणारा आमच्या गावात आता तो एकच माणूस उरलाय.

ते काम मी एकदा बघितलं आणि नंतर पुष्कळ वेळा बघितलं, कारण एकदा बघून मन भरत नाही. काचेच्या आतल्या बाजूनं काम करायचं, म्हणजे अक्षरं उलटी लिहायची. आधी काचेवर जिलेटिनचं पाणी फिरवायचं. मग खऱ्या सोन्याचा वर्ख, इतका पातळ की बोटात धरला तर बोटालाच संपून जाईल, तो एका रुंद मऊ ब्रशनं उचलायचा. उचलायच्या आधी ब्रश स्वतःच्या गालावरून फिरवायचा. गालाचा जरासा तेलकटपणा ब्रशला लागतो, तेवढ्यावर वर्ख चिकटतो. काचेच्या जवळ नेला की तो स्वतःच झेप घेऊन ओल्या काचेवर बसतो. मग त्याच्या पाठीवर रंगानं अक्षर लिहायचं आणि अक्षराबाहेरचं जादा सोनं शेवटी पुसून काढायचं. या सगळ्या वेळात पंखा बंद, खिडकी बंद, बोलणं बंद. काका श्वाससुद्धा हिशेबानं सोडायचे. बाहेर दारावर ते एक छोटी पाटी अडकवायचे, 'आत सोनं चालू आहे'. ती पाटी असताना काकूसुद्धा आत पाऊल टाकत नसत, आणि काकू कशाला भीत नाहीत.

तर अशा माणसाला मी गोळीचं पाकीट दिलं. "रोज सकाळी एक. आणि मीठ कमी."

"ही गोळी करते काय?" काकांनी विचारलं. "जे माझ्या पोटात जाणार, ते काय करतं ते मला कळलं पाहिजे. रंगाचा डबा घेतानाही मी विचारतो."

गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी समजावून सांगितलं. आपल्या रक्तात एक पदार्थ नुसताच फिरत असतो, त्रास ना काही. शरीरातलं एक एन्झाइम त्याला कापून दुसऱ्याच पदार्थात बदलतं आणि तो दुसरा पदार्थ रक्तवाहिन्या आवळतो. वाहिन्या आवळल्या की आतला दाब वाढतो. ही गोळी त्या एन्झाइमला कामच करू देत नाही.

काकांनी डोळे मिटून हे पचवलं. "म्हणजे असं," ते म्हणाले. "आत एक पेंटर बसलाय. कोरी पाटी आली की तो तिच्यावर लिहितो, 'आवळून धरा'. नळ्या पाटी वाचतात आणि आवळून धरतात. गोळी जाऊन त्याच्या हातातला ब्रश काढून घेते."

"अगदी बरोबर."

"बिचारा पेंटर," काका म्हणाले आणि पाकीट खिशात घातलं.

महिन्याभरात आकडा एकशे तीसवर आला. काकांची वाकून उठताना येणारी चक्कर गेली, जिने चढताना लागणारी धाप गेली आणि मग गोळीला भक्त मिळाला. चहाच्या टपरीवर, केशकर्तनालयात, पोस्टाच्या रांगेत, जो सापडेल त्याला काका पेंटरची गोष्ट सांगायचे. "दंडाला पट्टा बांधून घ्या," म्हणायचे. "दुखत काही नाही म्हणून झोपून राहू नका. मलाही काही दुखत नव्हतं." त्यांच्या नादानं रस्त्यावरची सात-आठ माणसं दवाखान्यात जाऊन तपासून आली. त्यांत समोरच्या शिंपीणबाई होत्या. त्यांचंही प्रेशर वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "मी जाहिरात करायची गरजच नाही. तुमचे काका आहेत ना."

दीड-पावणेदोन महिने झाले असतील. एके दिवशी काका खोकत दुकानात आले. कोरडा खोकला. कफ नाही, ताप नाही, घशात नुसती गुदगुल्या केल्यासारखी उबळ. मी खोकल्याचं औषध दिलं. ती बाटली संपली, दुसरी दिली. दुसरी संपली, वेगळ्या कंपनीची तिसरी दिली. चौकशी केली ती एवढीच की रंगाचा वास फार होतो का. माझ्यासारखी शिकलीसवरलेली बाई एवढंच विचारून थांबली, हे आजही आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

पण तेव्हा सगळ्यांनाच वाटलं, खोकला रंगाचा. पेंटर लोकांत तो असतोच. टर्पेंटाइन, रंगाची वाफ, पाटी घासताना उडणारी पूड. काकांच्या वडिलांनाही तो झाला होता. तेही पाट्या रंगवायचे. पंचावन्नाव्या वर्षी त्या खोकल्यानं त्यांनी धंदा सोडला आणि पुढची चौदा वर्षं नुसते दाराशी खुर्ची टाकून बसून राहिले. काका ही गोष्ट कधी सांगत नसत. काकूंनी मला सांगितली, आणि सांगताना त्यांनी दोनदा नवऱ्याच्या खोलीकडे बघितलं.

नेमकं त्याच वेळी काकांच्या हातात आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम होतं. वाचनालयाची नवी इमारत झाली होती. तिचं पुढचं दार माणसापेक्षा उंच, दोन झडपांचं, आरपार काचेचं. त्यावर वाचनालयाचं नाव, स्थापनेचं साल आणि भोवती वेलबुट्टी, सगळं सोन्यात. ग्रंथपालांनी कमिटीशी भांडून हे काम काकांना मिळवून दिलं होतं. कमिटीचं म्हणणं, कॉम्प्युटरवर कापलेली चिकटपट्टीची अक्षरं लावा, एका दिवसात होतं. ग्रंथपाल म्हणाले, ती तीन वर्षांत सोलून निघतात, काकांच्या वडिलांनी केलेलं सोनं पोस्टाच्या दारावर अजून तसंच आहे.

पहिल्या झडपेचं काम निम्मं झालं आणि खोकल्यानं गाठलं. काकांनी वर्ख उचलला, गालाशी नेलेला ब्रश काचेजवळ नेला आणि उबळ आली. वर्ख हवेत उडाला, दोनदा गिरकी घेतली आणि काकांच्याच चष्म्यावर बसला. पहिल्या वेळी काका हसले. म्हणाले, "चला, मलाही मढवलं." पण दुसऱ्या दिवशी चार वर्ख गेले, तिसऱ्या दिवशी सात. एकदा तर ओल्या काचेवर बसलेलं अक्षरच थुंकीच्या थेंबांनी डागाळलं आणि पुसून टाकावं लागलं.

मग उपाय सुरू झाले. काकांनी टर्पेंटाइनचे सगळे डबे घराबाहेर काढले. तोंडाला फडकं बांधून बघितलं. फडक्यानं गाल झाकला, ब्रश फिरवायला जागा राहिली नाही. काकूंनी स्वतःचा गाल देऊ केला. तोही प्रयोग झाला. काकू शेजारी स्टुलावर बसल्या, काकांनी त्यांच्या गालावरून ब्रश फिरवला आणि काकूंना इतकं हसू फुटलं की वर्ख त्यांच्या हसण्यानंच उडाला. मी दारातून बघत होते, मीही हसले. काका हसले नाहीत. ते पहिल्यांदाच.

छातीचा फोटो काढून झाला. फोटो स्वच्छ. तो काढायला काका मोठ्या इस्पितळात गेले. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? काका म्हणाले, पेंटर. त्यांनीही मान डोलावली आणि सांगितलं, रंगापासून लांब राहा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे मात्र काका गेलेच नाहीत. "त्यांचं खातं ब्लडप्रेशरचं," म्हणाले. "ते उत्तम चाललंय. कशाला त्यांना त्रास?"

तीन आठवडे काकांनी रंगाला हात लावला नाही. खोली बंद, डबे बाहेर. खोकला होता तसाच. काकांनी त्यातून काय निष्कर्ष काढावा? की रंग आता हाडात मुरला. सोडूनही सुटत नाही, म्हणजे फार उशीर झाला.

ग्रंथपाल येऊन बसले. चांगला माणूस, पण त्यांच्याही मानेवर कमिटी होती. उद्घाटनाला महिनाच राहिला होता. ते म्हणाले, "काका, मी आणखी पंधरा दिवस थांबवतो. त्यानंतर ते चिकटपट्टीवाले येणार."

"पंधरा दिवस कशाला?" काका म्हणाले. "आजच बोलवा त्यांना."

त्याच संध्याकाळी काका माझ्या दुकानात आले. हातात कापडात गुंडाळलेले ब्रश होते. काउंटरवर ठेवले. "हे तू ठेव, पोरी. घरात असले की हात शिवशिवतात. एखादा शिकणारा कोणी आला तर त्याला दे. आणि माझी महिन्याची गोळी दे." एवढं बोलताना ते तीनदा खोकले. मी ब्रश घेतले, गोळी दिली आणि वर चौथी बाटली दिली. माणूस दोन महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपीणबाई आल्या. त्यांना ब्लडप्रेशरची गोळी हवी होती. मी ती काढून ठेवली. मग त्या म्हणाल्या, "आणि खोकल्याचं काहीतरी दे गं. दहा-बारा दिवस झाले, कोरडी ढास लागलीय. सुईत दोरा ओवता येत नाही."

मी बाटली काढली आणि गोळ्यांच्या पाकिटाशेजारी ठेवली. तीच गोळी. तीच बाटली. आदल्या संध्याकाळी याच काउंटरवर, याच जागी, हीच जोडी ठेवली होती.

"शिंपीणबाई," मी विचारलं, "तुम्ही कधी रंगकाम करता का हो?"

"मी कशाला रंगकाम करू?"

"टर्पेंटाइन? घरात? काही?"

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

ठिकाणावर नव्हतं, नुकतंच येत होतं. कॉलेजातल्या जाड पुस्तकात हे सगळं होतं. मी ते परीक्षेत लिहिलं होतं, चांगले मार्क मिळवले होते आणि दुकानात बसल्यावर विसरले होते. ज्या एन्झाइमला ही गोळी अडवते, ते एन्झाइम एकच काम करत नाही. रक्तात आणखी एक पदार्थ तयार होत असतो, त्याची विल्हेवाटही तेच लावतं. एन्झाइम अडलं की तो पदार्थ साठतो, आणि काही जणांच्या घशात आणि श्वासनलिकेत चुरचुर होऊन कोरडा खोकला सुरू होतो. सगळ्यांना होत नाही. ज्यांना होतो, त्यांना कितीही बाटल्या पाजा, जात नाही.

शिंपीणबाईंना मी "आधी डॉक्टरीणबाईंकडे जा, गोळी आपल्या मनानं बंद करू नका" असं सांगितलं, बाटली परत फळीवर ठेवली आणि शटर अर्धं ओढून पळत सुटले.

काका दाराशी खुर्ची टाकून बसले होते. थेट त्यांच्या वडिलांसारखे. मी धापा टाकत सगळं सांगितलं. मला वाटलं, आनंदानं उठतील. ते चिडले.

"माझ्या गोळीला नावं ठेवू नकोस. तिनं मला वाचवलंय."

"वाचवलंय, काका. नावं कोण ठेवतंय? पण खोकला तिचाच आहे."

"खोकला आमच्या घराण्याचा आहे. माझ्या बापाला होता. त्याला कुठे गोळी होती?"

"त्यांचा रंगाचा असेल. तुमचा नाही. रंग सोडून तीन आठवडे झाले, खोकला तसूभर तरी कमी झाला का?"

मग मी त्यांचीच गोष्ट त्यांना सांगितली. "तुम्ही म्हणालात ना, आत एक पेंटर बसलाय? तो पाटी लिहितो, आणि काम झालं की दुकानही तोच झाडतो. गोळीनं त्याच्या हातातला ब्रश घेतला, त्याबरोबर झाडूही गेला. आता कचरा साठलाय. तो तुमच्या घशात उडतोय."

काकांनी डोळे मिटले. आतून काकू हात पुसत बाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "उठा. चपला घाला. नाहीतर मी घालते."

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "काका, खोकला लागल्याचं मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही दाबाच्या डॉक्टर."

"मी अख्ख्या माणसाची डॉक्टर आहे!" त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही?" त्यांना जे बोलायचं होतं ते त्या बोलल्या, आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता. मग त्यांनी गोळी बदलून दिली. नवी गोळी पेंटरच्या वाटेला जात नाही. तो लिहितो, झाडतो, त्याला हवं ते करतो. ही फक्त नळ्यांना पाटी वाचू देत नाही. काकांना हे फार आवडलं. "म्हणजे पेंटरच्या पोटावर पाय नाही," म्हणाले. "हेच आधी द्यायचं होतं."

पण खोकला लगेच जात नाही. दोन आठवडे लागतील, चार लागतील, कुणाला त्याहून जास्त. ग्रंथपालांकडे मी स्वतः गेले, दोन्ही हात जोडले आणि त्यांनी आधी कबूल केलेले पंधरा दिवस परत मागून घेतले. आणि मग आम्ही सगळे मोजत बसलो. सहाव्या दिवशी काही फरक नाही. आठव्या दिवशी काका म्हणाले, थोडा कमी वाटतो. काकू म्हणाल्या, काही नाही, वाटतो नुसता. अकराव्या दिवशी दुपारी काकू माझ्याकडे आल्या, डोळे लाल. मी घाबरलेच.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "दुपारचे जरा आडवे झालेत. इतके दिवस आडवे झाले की खोकायचे, मला त्याची सवय लागली होती. आज आवाजच येईना. मी धावत जाऊन नाकापुढे हात धरला. गाढ झोपलेत." मग त्या काउंटरला धरून हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मी त्यांना आत बसवून पाणी दिलं.

चौदाव्या दिवशी काका ब्रश मागायला आले. "शिकणारा कोणी आला नाही ना?" म्हणाले. मी कापडाची गुंडाळी दिली. "तूही चल," म्हणाले. "दुकान बंद कर."

वाचनालयात रंगाचा, नव्या लाकडाचा वास होता. पंखे बंद केले. ग्रंथपाल पायऱ्यांवर उभे राहिले, काकू एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. काकांनी जिलेटिनचं पाणी फिरवलं, ब्रश गालावरून नेला आणि वर्ख उचलला. त्यांच्या गळ्याजवळची शीर हलताना मला दिसत होती. वर्ख काचेवर बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला काका थांबले, ब्रश बाजूला ठेवला, चार पावलं लांब गेले आणि खोकले, एकदाच. परत आले. मग एकामागून एक एकवीस वर्ख त्यांनी लावले आणि मध्ये एकदाही ते थांबले नाहीत. ग्रंथपाल तोंडावर हात ठेवून उभे होते.

उरलेलं काम संपायला नऊ दिवस लागले. उद्घाटनाला दार तयार होतं.

मला मात्र चैन नव्हतं. कामाच्या शेवटच्या दिवशी काका कापसानं जादा सोनं पुसत होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "काका, चार बाटल्या दिल्या मी तुम्हाला. एकदाही विचारलं नाही की दुसरं औषध कोणतं चालू आहे. गोळी तर मीच देत होते."

"मग आता विचारतेस ना?"

"प्रत्येकाला विचारते."

"मग झालं." त्यांनी कापूस खाली ठेवला. बाहेर ऊन होतं आणि काचेतून आलेली उलटी अक्षरं त्यांच्या सदऱ्यावर पडली होती. "तुला एक सांगू? खोकल्याचं मला काही वाटलं नव्हतं. मरणाचंही नाही. चाळीस वर्षं ज्या कामाला जीव लावला, त्यालाच आता मी नको झालोय, असं वाटत होतं. ते फार लागलं होतं, पोरी. काम तसं म्हणतच नव्हतं. एवढं कळलं, बास."

मी त्यांच्या हातातून कापूस घेतला आणि खालच्या ओळीभोवतीचं जादा सोनं पुसायला बसले. ती ओळ अजून बाकी होती.